धम्मपाल डेंटर आणि हापूस गाडी

आळेफाट्यावरून नाशिकच्या अंगाला निघालं की पेट्रोल पंपाच्या पुढं, उसाला खेटून एक पत्र्याची शेड लागते. शेडवर पाटी नाही. "ज्याची गाडी ठोकलीय त्याला पाटी वाचायची शुद्ध असती व्हय?" असं धम्मपाल खरात विचारतो, आणि आजवर त्याला कोणी उत्तर दिलेलं नाही.

धम्मपाल डेंटर आहे. चेपलेल्या गाड्यांचे पत्रे ठोकून पूर्ववत करणं हा त्याचा धंदा. वय बावन्न, अंगकाठी शेवग्याच्या शेंगेसारखी, आणि तीस वर्षं हातोडी चालवून उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आलेला. त्याचे वडील सोमनाथ धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या करायचे. बेल्ह्यापासून ओतूरपर्यंत कुठल्याही जुन्या घरात गेलात तर त्यांची एखादी कोठी अजून बाजरी पोटात घेऊन उभी असेल. पत्र्याला घाई चालत नाही, ही अक्कल धम्मपालला बापाकडून मिळाली. आणि पुट्टीचा तिटकारा त्याचा स्वतःचा.

पुट्टी म्हणजे खड्ड्यात लिंपायचा लगदा. सगळे डेंटर पत्रा थोडाफार ठोकतात, उरलेला खड्डा पुट्टीनं भरतात, वरून रंग मारतात आणि गिऱ्हाईक संध्याकाळी खुशीत घरी जातं. धम्मपालला हे जमत नाही. "खड्डा हाय तो हायच की. आपण फकस्त त्याच्यावर पांघरूण घातलं," असं म्हणून तो आतून ठोकतो, बाहेरून ठोकतो, डोळे मिटून तळहात फिरवतो आणि पुन्हा ठोकतो. तासाभराच्या कामाला चार दिवस. एकदा एक कांदेवाला पिकअपसाठी तिसऱ्यांदा हेलपाटा घालून रडकुंडीला आला. "अवो मिस्त्री, मला तिच्यातून कांदा न्यायचाय, नवरी न्हाई!" धम्मपालनं मान वर न करता सांगितलं, "कांद्याला काय इज्जत नसती का?"

अशा माणसाकडं कोणी शहाणा माणूस मौल्यवान गाडी घेऊन जात नाही. पण जुन्नरच्या पेठेतला संयम सगळीकडून फिरून दमला होता.

संयम म्हणजे कापड दुकानवाल्या केवलचंद शेठचा नातू. केवलचंदांना जाऊन पंचवीस वर्षं झाली, पण त्यांची एक गोष्ट पेठेत अजून सांगतात. शहात्तर साली ते दिवाळीच्या मालाचे तागे आणायला मुंबईला गेले, आणि तागे न आणता गाडी घेऊन आले. कुठल्याशा परदेशी वकिलातीतला साहेब मायदेशी परतला होता, त्याची गाडी लिलावात निघाली होती, आणि शेठ सहज म्हणून बघायला थांबले होते. गाडी इटलीची. अल्फा रोमिओ. लालभडक, बुटकी, वर कापडाचा टप. स्टेअरिंग डाव्या बाजूला. आणि बसायला जागा दोन. घरात माणसं अकरा.

त्या वर्षी दिवाळीला दुकानात नवा माल नव्हता, पण गाडी बघायला सगळा तालुका लोटला. "अल्फा" हे नाव लोकांनी "अल्फान्सो" असं ऐकलं, अल्फान्सो म्हणजे हापूस हे जुन्नरात लहान पोरालाही ठाऊक, त्यामुळं तिसऱ्या दिवसापासून ती "हापूस गाडी" झाली. सात-आठ महिने शेठनी ती मिरवली. मग एका दुपारी समोर म्हैस आली, शेठनी म्हशीला वाचवलं आणि गाडी पुलाच्या कठड्यावर घातली. नाक चेपलं, डावं मडगार्ड कागदासारखं चुरगळलं. सुटे भाग मिळेनात. गाडी दुकानामागच्या गोदामात गेली, तिच्यावर कापडाचे गठ्ठे चढले, आणि ती तिथंच पंचेचाळीस वर्षं बसली.

संयमला ती आपल्या लग्नाच्या वरातीसाठी हवी होती. लग्न चार महिन्यांवर होतं. पुण्या-मुंबईतले जाणकार म्हणाले, दोन वर्षं लागतील. मग संयमनं ती ओढत आळेफाट्याच्या शेडवर आणली. धम्मपालनं गाडीवरची ताडपत्री काढली, चेपलेल्या नाकावरून हात फिरवला, गंजलेल्या तळाशी वाकून बोट घातलं तर बोट आरपार गेलं.

"व्हईल," तो म्हणाला.

"कधी?"

"व्हईल म्हनलं की."

संयमला हे चार महिन्यांसारखं ऐकू आलं. तो खुशीत गेला.

दुसऱ्या आठवड्यात दुकानाचा टेम्पो शेडसमोर थांबला आणि त्यातून संयमच्या आजी उतरल्या. सज्जनबाई. वय एकोणऐंशी, उंची पाच फुटांच्या आतच, हातात पाण्याची स्वतःची बाटली आणि जपाची माळ. त्यांनी खुर्ची मागून घेतली, सावलीत मांडली आणि गाडीकडं तोंड करून बसल्या.

धम्मपाल बिचकला. "काकी, लक्ष ठिवायला आलाय का? एक इस्क्रू इकडचा तिकडं व्हनार न्हाई."

"लक्ष कसलं ठेवायचं? ही माझी सवत आहे," सज्जनबाई शांतपणे म्हणाल्या. "ह्यांनी हिला आणली आणि त्या दिवसापासून माझ्याकडं बघायचं सोडलं. सकाळी आधी हिला पुसायचे, मग देवाला. हिला कुणीतरी हातोडीनं मारणार आहे असं संयमकडून कळलं, म्हणून बघायला आले. मार तू. थांबू नको."

धम्मपालनं हातोडी उचलली. पहिल्या ठोक्याला सज्जनबाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते त्यानं कुठल्याही गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून बाई आठवड्यातून दोनदा यायला लागल्या. धम्मपालचं घर शेडच्या मागंच. त्याची बायको पारूबाई पहिल्याच दिवशी चहा घेऊन आली, तर सज्जनबाईंनी बाटली वर केली. "आमच्यात गाळलेलंच पाणी चालतं गं." पारूबाईला हे कारण खरं किती आणि सोयीचं किती, ते कळायला वेळ लागला नाही. असली कारणं तिच्या आईनं आणि आजीनंही ऐकली होती. पुढच्या खेपेला मात्र तिनं ओट्यावर नवं पांढरं फडकं आणून ठेवलं, सज्जनबाईंना हाताला धरून आत नेलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत, चार पदरी घडी करून, हंडाभर पाणी गाळलं. "आता बोला, काकी. आनखी काय अडचन?"

सज्जनबाई फडक्याकडं बघत राहिल्या, मग पारूबाईकडं. खाली बसल्या. "साखर कमी टाक," म्हणाल्या.

इकडं गाडीचं काम पुढं सरकत होतं असं म्हणता येणार नाही. धम्मपालनं गंजलेला तळ कापून काढला, नवा पत्रा घडवून बसवला. इंजिन नारायणगावच्या भागू मिस्त्रीकडं गेलं. भागू द्राक्षबागेत औषध मारायचे ब्लोअर दुरुस्त करायचा. त्यानं इंजिनाभोवती दोनदा चक्कर मारली आणि कपाळाला हात लावला. "एका इंजनाला दोन-दोन कार्बोरेटर? म्हंजे ह्यो दोन बायकांचा दादला झाला की, राव. हिला जरा जादा दिलं की ती रुसनार."

"तेच तर मी पंचेचाळीस वर्षं सांगतेय," सज्जनबाई खुर्चीतून म्हणाल्या.

खरी अडचण नाकाची होती. गाडीचं नाक आणि पुढचं मडगार्ड यांच्यात एक वळण होतं. ते कुठून सुरू होतं आणि कुठं संपतं, हे धम्मपालला कळेना. इतकी वर्षं त्यानं टेम्पो, पिकअप, दुधाच्या गाड्या ठोकल्या. त्यांची वळणं सरळ मनाची. हे वळण आधी बाहेर यायचं, मग लाजल्यासारखं आत जायचं, आणि दिव्यापाशी पुन्हा मान वर करायचं. त्यानं ते सहा वेळा केलं आणि सहा वेळा मोडलं. जेवताना तो भाकरीला तसा आकार देऊन बघायचा. पारूबाईनं भाकरी काढून घेतली तेव्हा थांबला.

त्याची मुलगी स्नेहा मंचरला कॉलेजात शिकत होती. बाप पत्र्यापुढं हताश बसलेला आहे असा व्हिडिओ तिनं काढला आणि जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या एका ग्रुपवर टाकला. तिसऱ्या दिवशी इटलीहून उत्तर आलं. तुरीन गावचा आर्मांदो नावाचा एक म्हातारा. वय एक्क्याऐंशी. जन्मभर असलेच पत्रे हातानं घडवण्यात घालवलेला. आर्मांदोला इंग्रजी येत नव्हतं. धम्मपाललाही नव्हतं. तेवढ्यावर दोघांचं जमलं.

स्नेहानं फोन ठोकळ्याला टेकवून उभा केला. पडद्यावर पांढऱ्या मिशा, मागं भिंतीवर ओळीनं टांगलेल्या तीस-चाळीस हातोड्या. धम्मपालनं आधी हातोड्या पाहिल्या, मग माणूस. आर्मांदो भरभर बोलला. स्नेहाच्या फोनमध्ये भाषांतर करणारं ॲप होतं, ते बाईच्या गोड आवाजात, स्पष्ट मराठीत बोललं:

"पत्रा गर्भाशयावर ठेवा आणि प्रेमाने मारा."

पारूबाईच्या हातातला चहाचा कप बशीत आदळला. सज्जनबाईंनी माळ कपाळाला लावली. "अरिहंत, अरिहंत! म्हातारा आहे, काही लाज?"

"पप्पा, थांबा, काहीतरी चुकतंय," म्हणत स्नेहा फोनशी झटू लागली. आर्मांदो पलीकडून जोरजोरात तेच सांगत होता आणि ॲप तितक्याच गोडव्यानं "गर्भाशयावर, गर्भाशयावर" म्हणत होतं. शेवटी म्हातारा वैतागून उठला आणि लाकडाचा एक घडीव ठोकळा घेऊन आला. त्याला बरोबर ते वळण होतं. त्यानं त्यावर पत्रा ठेवून टक्-टक् करून दाखवलं.

"साचा!" धम्मपाल ओरडला. "साचा म्हनतोय त्यो!"

स्नेहानं शोधून काढलं. त्यांच्या भाषेत साच्याला आणि गर्भाशयाला एकच शब्द. "तसं बघितलं तर चूक काय हाय?" पारूबाई सांडलेला चहा पुसत म्हणाली. "आकार तिथंच येतो की."

धम्मपालनं आंब्याचं खोड आणलं आणि साचा कोरला. दर रविवारी दुपारी आर्मांदोचा फोन यायचा, तेव्हा त्याच्याकडं सकाळ असायची. महिन्याभरात ॲपची गरजच उरली नाही. धम्मपाल पत्र्यावर ठोका मारायचा. आर्मांदो डोळे मिटून ऐकायचा. आवाज बद्द आला की मान हलवायचा, ठण् आला की दोन्ही हात वर करून "बस्ता! बस्ता!" ओरडायचा. आता मारशील तर पत्रा पातळ होऊन फाटेल, हे धम्मपालला त्यातून नेमकं कळायचं. एकदा धम्मपाल चुकला आणि त्याच्या तोंडून शिवी गेली. आर्मांदोनंही त्याच सुरात काहीतरी म्हटलं. भाषांतर कोणी मागितलं नाही.

संयमचं लग्न झालं. वरात घोड्यावर निघाली. घोडा नाचरा होता, संयमला तो दोन वेळा गोल फिरवून सासऱ्यांकडं पाठ करून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी नवी नवरी डिंपल हिला घेऊन संयम शेडवर आला. डिंपलनं चाकं नसलेली, रंग नसलेली, ठोकळ्यांवर ठेवलेली गाडी पाहिली.

"हीच का ती?"

"हीच."

"मला वाटलं तुम्ही गंमत करत होता," डिंपल म्हणाली.

वर्ष गेलं. दुसरं गेलं. डिंपलला मुलगी झाली. संयमचा फोन आला की धम्मपाल पारूबाईला द्यायचा, आणि पारूबाई त्याला मुलीच्या सर्दीवर उपाय सांगायची. शेवटी एका पावसाळ्याअखेर पत्रा झाला. नाक झालं, मडगार्ड झालं, ते लाजरं वळण झालं. सगळ्या अंगात चिमूटभर पुट्टी नव्हती. धम्मपालनं स्वतः रंग मारला. लाल. सात हात. सातवा हात मारून झाला त्या संध्याकाळी त्यानं शेडचा पडदा सोडला आणि पहिल्यांदाच घरी लवकर जेवायला गेला.

सकाळी पडदा उघडला तर बॉनेटवर पावलं होती. मोठी, गोल, चार-चार बोटांची. बॉनेटच्या टोकापासून काचेपर्यंत चालत गेलेली, आणि मधे एके ठिकाणी नखांची लांब ओढ. उसातला बिबट्या रात्री शेडमध्ये येऊन गेला होता. त्याला काय हवं होतं तेही लगेच कळलं. शेडवरचा कुत्रा मोत्या गाडीच्या आत, पायाकडच्या जागेत मुटकुळं करून बसला होता. जिवंत. अंगाला लाल रंग लागलेला. दुपारपर्यंत तो बाहेर यायला तयार नव्हता.

बातमी फाट्यावर पसरली आणि फोटो काढायला रांग लागली. संयम धावत आला, पावलं पाहिली आणि त्याचे डोळे चमकले. "मिस्त्री, हे असंच राहू द्या! वरून नुसती पॉलिश मारा. अशी गाडी जगात कुठं नसेल!"

"ह्ये असंच ऱ्हानार न्हाई."

"अहो, बिबट्याची सही आहे ती!"

"त्याला सही करायची व्हती तर आधी काम करायचं व्हतं," धम्मपाल म्हणाला आणि घासायचा कागद घेऊन बसला. सज्जनबाईंनीही नातवाला दटावलं. "तुझ्या लग्नाच्या फेट्यावर मांजर चालून गेलं असतं तर ठेवला असतास का तसाच?" सगळा रंग उतरला. सात हात पुन्हा चढले. आणखी तीन महिने. मोत्या त्या काळात गाडीपासून चार हात लांबून जायचा.

भागूनं इंजिन बसवलं. ते पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा इतकं मोठ्यानं खाकरलं की पलीकडच्या टपरीवरचे लोक चहा टाकून उठले. मग ते लयीत आलं. भागू दोन्ही कार्बोरेटरना आळीपाळीनं कान लावून ऐकत होता. "नांदायला लागल्या दोघी," तो म्हणाला. "पर चढावर बघाय पायजे. आहुप्याला न्या. तिथं चढ हाय, वळनं हायती. तिथं टिकली तर कुठंबी टिकंल."

गाडीत जागा दोन. धम्मपाल चालवणार हे ठरलेलं. दुसऱ्या जागेसाठी संयमनं दार उघडलं, तर आत सज्जनबाई आधीच बसलेल्या.

"दादी, तू?"

"सवतीशी मला थोडं बोलायचं आहे. तू टेम्पोतून ये मागून."

आता ही गाडी डाव्या स्टेअरिंगची. आपल्याकडं ड्रायव्हर जिथं बसतो त्या उजव्या जागेवर सज्जनबाई बसल्या होत्या. टप उघडा. बाईंना वेगाची सवय नव्हती, म्हणून मंचर सोडल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि माळ ओढायला सुरुवात केली. समोरून येणाऱ्यांना काय दिसलं असेल याचा दोघांनाही विचार आला नाही. समोरून येणाऱ्यांना दिसलं ते असं: एक लाल बुटकी गाडी घों घों करत येतेय, चालवतेय एक ऐंशीची म्हातारी, तिचे डोळे बंद आहेत, हात जपात आहेत, आणि शेजारचा माणूस मजेत बसलाय.

एक दूधवाला सायकलसकट शेतात उतरला. ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॅक्टर थांबवून हात जोडले. घोडेगावात चौकातल्या हवालदारानं इतकी लांब शिट्टी मारली की ती त्याच्या तोंडातून पडली.

"आजी! अहो आजी! डोळे उघडा! स्टेअरिंग कुठाय?"

सज्जनबाईंनी डोळे उघडले. "मला काय माहीत? मी कधी धरलं नाही."

हवालदार पांढरा पडला. मग त्याला पलीकडं धम्मपाल दिसला, त्याच्या हातातलं चाक दिसलं. त्यानं टोपी काढून घाम पुसला, कागद बघायचं विसरला आणि म्हणाला, "पावणं, बाईंच्या हातात निदान एक ताटली तरी द्या धरायला. लोकांचं हार्ट बंद पडंल."

डिंभ्याच्या पुढं धरणाचं पाणी सुरू झालं आणि रस्ता वळायला लागला. गाडी चढावर गेली आणि तिचा आवाजच बदलला. इतका वेळ ती ओढत होती, आता गायला लागली. धम्मपालला वाटलं आर्मांदोनं हे ऐकायला हवं होतं. उजवीकडं बघितलं तर बाईंची माळ मांडीवर होती. डोळे उघडे. वाऱ्यानं त्यांचा पदर डोक्यावरून सुटला आणि मागं फडफडायला लागला. धम्मपालनं वेग कमी केला.

"कमी करू नको," सज्जनबाई म्हणाल्या.

आहुप्याला देवराईपाशी गाडी थांबली. चारी बाजूंनी थंड, ओला वास. बाई बराच वेळ उतरल्या नाहीत.

"धम्मपाल, एक सांगते. ही माझी सवत-बिवत नव्हती. गाडी आणली त्या आठवड्यात ह्यांनी मला बसवलं होतं. एकदा. नारायणगावापर्यंत. येताना पदर उडाला. पेठेनं पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, पुन्हा ही त्यात दिसता कामा नये. हे दोनदा आईशी भांडले, मग गप्प बसले. मग मी गाडीचाच राग राग केला. तो करता येत होता."

धम्मपाल खाली उतरला, त्यानं बॉनेटवर तळहात ठेवला. "तापली न्हाई जास्त," तो म्हणाला. "जाताना तुमी म्हनाल तेवढ्या जोरात नेतो." मागून टेम्पो धापा टाकत आला. संयम उतरला, त्यानं आजीच्या उघड्या डोक्याकडं पाहिलं, आणि टेम्पोतली पाण्याची बाटली आणून त्यांच्या हातात दिली.

त्या हिवाळ्यात पुण्याला जुन्या गाड्यांचं एक मोठं प्रदर्शन भरलं. संयमनं नाव दिलं. हिरवळीवर साठ-सत्तर गाड्या झगमगत उभ्या, मालक कोटात. परीक्षक एक उंच, वाकलेले गृहस्थ होते. खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढायचे आणि गाडीच्या अंगावर फिरवायचे. पत्रा असेल तिथं चुंबक चिकटतं, पुट्टी असेल तिथं घसरतं. हापूस गाडीवर ते नाकापासून शेपटापर्यंत चिकटत गेलं. लाजऱ्या वळणावर तर परीक्षकांना ते ओढून काढावं लागलं.

"बॉडीचं काम कुठं केलंत? युरोपात पाठवली होती?"

"आळेफाट्याला," सज्जनबाई म्हणाल्या.

"आळेफाट्याला कुठं?"

"उसाच्या कडेला."

"ते कारागीर आलेत का?"

आले होते. पण जागेवर नव्हते. धम्मपाल रांगेतल्या गाड्या बघत पुढं गेला होता, आणि सवयीनं प्रत्येक गाडीच्या दारावर बोटाच्या पेरानं टकटक करत होता. एका चकचकीत निळ्या गाडीपाशी थांबून त्यानं मालकाला मोठ्या आपुलकीनं सांगितलं, "सायेब, ह्या दारात बोटभर पुट्टी हाय. फसवलं तुमाला." पुढच्या गाडीला, "हितं लई हाय." त्याच्या पुढच्या मालकीणबाईंना, "ताई, तुमची तर निम्मी गाडी पुट्टीचीच हाय. पावसात जपा."

गलका झाला. कोटवाले जमले. "हा कोण माणूस? ह्याला आत कोणी सोडलं?" परीक्षक तिथं पोचले, आणि त्यांना मोह आवरला नाही. त्यांनी चुंबक काढून निळ्या दाराला लावलं. ते टप्कन हिरवळीवर पडलं. पुढच्या गाडीवरूनही पडलं. मालकीणबाईंच्या गाडीवरून तर सरळ घसरगुंडी खेळत खाली आलं.

आयोजकांनी संयमला बाजूला घेऊन सभ्यपणे सांगितलं की आपण आता निघालात तर बरं होईल. बक्षीस मिळालं नाही. फाटकापाशी परीक्षक मागून चालत आले. "तुमचं कार्ड आहे का?" त्यांनी धम्मपालला विचारलं. कार्ड नव्हतं. त्यांनी फोन नंबर स्वतःच्या तळहातावर लिहून घेतला. महिनाभरात त्यांची स्वतःची, साठ वर्षांची गाडी शेडसमोर उभी राहिली. धम्मपालनं त्यांना चहा दिला आणि सांगितलं की आधी एक दुधाचा टेम्पो आहे, तो झाल्याशिवाय हात लावता येणार नाही. परीक्षक थांबले. अजून थांबलेत.

गाडी संयमनं विकली नाही. विकायचा विषय त्यानं एकदा काढला होता, तेव्हा सज्जनबाईंनी विचारलं, "मला कितीला विकतोस?" आता दर मंगळवारी, दुकान बंद असतं त्या दिवशी, ती गाडी पेठेतून निघते. कधी लेण्याद्रीच्या पायथ्याला जाऊन येते, कधी ओतूरला. बाईंचा पदर उडालेला असतो. पेठ बघते.

उन्हाळ्यात धम्मपालच्या नावानं इटलीहून खोकं आलं. आत आर्मांदोची हातोडी होती. दांडा तळहाताच्या घामानं काळा झालेला, डोकं घासून आरशासारखं. चिठ्ठीत त्याच्या मुलीनं इंग्रजीत लिहिलं होतं, स्नेहानं वाचून दाखवलं: वडिलांचा हात आता थरथरतो, ठोका जागेवर पडत नाही, आणि भिंतीवर टांगून ठेवणं त्यांना पटत नाही. धम्मपालनं हातोडी दोन दिवस नुसती जवळ ठेवली. तिसऱ्या दिवशी दुधाच्या टेम्पोच्या दारावर तिचा पहिला ठोका मारला. मग उन्हाचं कारण सांगून बाहेर जाऊन तोंड धुऊन आला.

उलट काहीतरी पाठवायला हवं होतं. पारूबाईनं स्वतः केलेल्या गव्हाच्या कुरडया डबाभर दिल्या, सज्जनबाईंनी वर मुगाचे पापड ठेवले. वीस दिवसांनी, रविवारी दुपारी फोन वाजला. पडद्यावर आर्मांदो. गळ्याला रुमाल बांधलेला, समोर ताट, ताटात कुरडया. त्यानं सगळ्यांना हात केला, एक कुरडई उचलली आणि तशीच, कच्ची, दाढेखाली घेतली. कडाम् असा आवाज आळेफाट्यापर्यंत आला.

"अगं बया!" पारूबाई फोनवर झेपावली. "तळा! आदी तळा, भाऊ! दात जातील!" आर्मांदो प्रेमानं मान डोलावत चावत राहिला. स्नेहाला हसू आवरेना, तिच्या हातून ॲप लागेना. शेवटी पारूबाईनं कढई आणली, फोनसमोर धरली, बोटांनी खालचा जाळ दाखवला, तोंडानं चुर्र् आवाज काढला आणि दोन्ही हात फुलवून कुरडई कशी फुगते ते दाखवलं. म्हातारा चावायचा थांबला. त्यानं तोंडातली कुरडई हातात घेतली, तिच्याकडं पाहिलं, मग पारूबाईच्या कढईकडं. आणि खुर्ची मागं सारून, मुलीला मोठ्यानं हाका मारत, स्वयंपाकघराकडं निघाला.